दुपारी उघडी राहणारी बाग : नाल्याकाठच्या सव्वा एकराच्या नोंदी

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, बाकी गाव तेच. माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. नाल्यापलीकडच्या वस्तीसाठी आम्ही नाल्याकाठच्या मोकळ्या जागेवर झाडं लावून बाग केली, त्याच्या नोंदी दुकानाच्या डायरीत मागच्या पानांवर लिहीत गेलो. कोणाला असंच काम करायचं असेल तर आमचे पैसे जिथं बुडाले तिथं त्यांचे बुडू नयेत, म्हणून तारखांसकट उतरवून काढतो आहे.

५ मार्च २०२३, रविवार

आज चार पोरं आणि ५० मीटरचा टेप घेऊन गाव मोजलं. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या शेवटच्या घरापासून आमच्या ले-आउटमधल्या बागेपर्यंत रस्त्यानं ११५० मीटर. तेही मधल्या रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर, पाणी नसेल तर. शहरात हिरवी जागा घरापासून ३०० मीटरच्या आत असावी, असा एक हिशेब जगभर वापरतात. आमच्या ले-आउटमधलं प्रत्येक घर त्यात बसतं, माझंही. वस्तीतलं एकही बसत नाही.

याचं कारण साधं आहे. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर ले-आउट पाडायचं तर १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते, तरच मंजुरी मिळते. म्हणून आमच्याकडे बाग झाली. वस्ती काही कोणी नकाशा काढून वसवली नाही. लोक येत गेले, टिना टाकत गेले. तिथं १० टक्के कोण सोडणार?

दुसरी गोष्ट बागेच्या फाटकावर दिसली. रोज तिथून जातो, पण पाटी आजच वाचली : सकाळी ५ ते ९, संध्याकाळी ५ ते ८. म्हणजे विदर्भात ज्या आठ तासांत सावली लागते, नेमकं तेव्हाच कुलूप.

१४ मे

परवानगीत दोन महिने गेले. जागा नाल्याकाठची, ई-क्लास म्हणजे सरकारी चराईची, सव्वा एकर. पटवाऱ्याकडून नकाशा काढला, नगरपंचायतीचा ठराव घेतला, तहसीलला अर्ज दिला. काम अडलं एका शब्दावर. आम्ही अर्जात 'उद्यान' लिहिलं होतं. उद्यान म्हटलं की बांधकाम आलं, बांधकाम म्हटलं की वेगळी फाईल. 'सार्वजनिक वृक्षलागवड, जागा सर्वांच्या वापरासाठी खुली राहील' असं लिहून नवा अर्ज दिल्यावर तो पुढे सरकला. तुम्ही पहिल्याच अर्जात असं लिहा.

जागा कशी आहे? वरचा अर्धा भाग कडक मुरूम, खालचा नाल्याकडचा अर्धा काळी भारी जमीन. आत्ता तिला एवढ्या भेगा आहेत की हात कोपरापर्यंत जातो. मधोमध एक जुना निंब, काठावर एक उंबर. जागेवरून सरळ एक पायवाट नाल्यात उतरते. ही पायवाट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

आज थर्मामीटरचाही घोळ केला. दोन सारखे थर्मामीटर घेतले. एक उन्हात खांबाला बांधला, एक निंबाखाली. उन्हातला ५३ दाखवू लागला. मी गटावर फोटो टाकून दिला. एका निवृत्त मास्तरांचा लगेच फोन आला, "अरे, तू हवा नाही मोजली, काच मोजली." हवामान खातं पारा सावलीत मोजतं, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, छातीएवढ्या उंचीवर. मग उन्हातल्याला पुठ्ठ्याचं छप्पर केलं, चारी बाजूंनी वारा राहील असं. आता उघड्यावर ४३, निंबाखाली ४१. फरक एवढासाच! पण मुरमावर अनवाणी उभं राहवत नव्हतं आणि निंबाखाली पोरं बसून गोट्या खेळत होती. झाडाचं काम हवा गार करण्यापेक्षा अंगावरचं ऊन आणि तापलेल्या भुईची झळ अडवण्याचं जास्त आहे. नुसत्या पाऱ्यावर जाऊ नका.

२८ मे

पोरांना मियावाकी, म्हणजे अगदी जवळजवळ रोपं लावून दाट जंगल, करायचं होतं. हिशेब मांडला. चौरस मीटरला तीन रोपं धरली तरी या जागेत १५ हजार रोपं होतात. पाणी कुठून आणायचं? आणि एवढी दाट झाडी झाली तर माणसानं बसायचं कुठं? विषय तिथंच संपला. ३८० रोपं ठरली : निंब, करंज, चिंच, बेहडा, आवळा, मोह, बेल, नाल्याच्या काठानं अर्जुन आणि उंबर. गुलमोहर नको म्हटलं, कारण त्याची पानं ऐन उन्हाळ्यात झडलेली असतात. दोघं नाराज झाले.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू आहे. मुरमात सब्बल मारली की ठिणगी उडते. मजूर एका दिवसात सहा खड्डे करून उठले. मग जेसीबी बोलावला, चार तास, ४,४०० रुपये. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डे. काळ्या भागातही तेवढेच. ही या कामातली सगळ्यांत महागडी चूक होती, आज तसं वाटलं नाही.

२५ जून

परवा २३ तारखेला पाऊस विदर्भात पोचला म्हणतात. दोन आठवडे आम्ही आभाळाकडे बघत होतो. आज पहिली लागवड केली. मोहाच्या टोळी, म्हणजे बिया, आठवड्यापूर्वी जंगलाकडच्या गावातून आणल्या होत्या, त्या लगेच लावून टाकल्या.

१६ जुलै

३८० रोपं पूर्ण. रोपवाटिकेतून आणलेल्या पिशव्यांतली काही फाडून पाहिली तर तळाला मुळं जलेबीसारखी गुंडाळलेली. तशीच लावली तर झाड वरून वाढतं आणि तीन-चार वर्षांनी वाऱ्यानं पडतं. आम्ही तळाचं वेटोळं विळ्यानं कापून लावली. उंच रोपाच्या मोहात पडू नका. आमची तीन फुटी रोपं रुसून बसली आणि फूटभराची पुढं गेली.

३० जुलै

२२ तारखेचा पाऊस यवतमाळ जिल्ह्यात कोणी विसरणार नाही. लोकांची घरं वाहिली, तिथं रोपांचं काय रडायचं? तरी नोंद ठेवतो.

नाला जागेत शिरला आणि दुसऱ्या दिवशी ओसरला. मुरमावरची रोपं शाबूत. काळ्या भागात मात्र प्रत्येक खड्डा पाण्यानं भरून राहिला. भारी काळ्या जमिनीत जेसीबीनं खड्डा घेतला की बादलीची धार चारही भिंती चोपून गुळगुळीत करते. मग तो खड्डा राहत नाही, त्याचा माठ होतो. पाणी आत जातं, बाहेर निघत नाही. आज आठव्या दिवशी एक करंज उपटून पाहिला. मूळ दोन बोटांत धरलं तर साल सुटून हातात आली, आतला धागा काळा, आणि सांडपाण्यासारखा वास.

१३ ऑगस्ट

काळ्या भागातल्या १७० पैकी ९६ मेली. उरलेली वाचवायला दोन कामं केली. खड्ड्याखड्ड्यांतून नाल्याकडे चर काढले आणि नवी रोपं खड्ड्यात न लावता मातीचे हातभर उंच ढीग करून त्यावर लावायचं ठरवलं. शेतात तूर लावताना आपण वरंबा करतोच की. झाड लावतानाच ही अक्कल कुठं जाते कोण जाणे.

निंबोळ्यांचं गाढवपण वेगळंच. २ जुलैला पोरांनी गोणीभर निंबोळ्या वेचल्या. पुरामुळं पेरणी राहिली, गोणी माझ्या दुकानात पडून. ६ ऑगस्टला पेरल्या.

२७ ऑगस्ट

एकही निंबोळी उगवली नाही. रोपवाटिकेतली एक बाई हसून म्हणाली, "भाऊ, निंबोळीचा जीव पंधरा-वीस दिवसांचा. तुम्ही तं तेल काढाची निंबोळी पेरली." मोहाच्या टोळी ताज्या लावल्या होत्या, त्या बऱ्याच उगवल्या. निंब आणि मोह यांचं बी ठेवायचं नसतं, पडलं की पेरायचं.

आणि पाऊस गायब. पुढं छापून आलं की देशात १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट हाच. एका महिन्यात बुडून मरणं आणि पुढच्या महिन्यात वाळून मरणं, दोन्ही पाहिलं. मुरमावरच्या २१० पैकी ३१ वाळली. शिल्लक २५३.

१७ सप्टेंबर

कुंपण तीन ठिकाणी तुटलं. काटेरी तार आणि खांब मिळून २१,००० रुपये गेले होते, वर्गणीतला सगळ्यांत मोठा घास. मी तणतणत वस्तीत गेलो. तार कोणी तोडली हे विचारावं लागलं नाही. सत्तरीच्या एक आजी बकऱ्या घेऊन समोरच उभ्या होत्या.

"म्याच तोडली. तुमी माह्या वाटेवर तार बांधली, तं बकऱ्या काय उडून जातीन नाल्यात?"

मी म्हटलं, आजी, झाडं तुमच्यासाठीच आहेत.

"माह्यासाठी हायेत तं मले काहून नाही इचारलं?"

मे महिन्यात मी स्वतः ती पायवाट डायरीत लिहिली होती आणि तिच्यावरच खांब रोवला होता. वस्ती मोजायला टेप नेला, पण वस्तीतल्या एकाही बाईला विचारलं नव्हतं. ठरावावर सह्या होत्या, त्या सगळ्या ले-आउटमधल्या.

२४ सप्टेंबर

निंबाखाली बैठक. वस्तीतल्या २० बाया, पाच माणसं. दोन तासांत जे कळलं ते मोजमापातून कधीच कळलं नसतं. बकऱ्या दिवसातून दोनदा इथूनच पाण्यावर जातात. उन्हाळ्यात शेतमजूर बाया सकाळपाळी करून साडेबारा-एकला परत येतात, तेव्हा टिनाच्या घरात शिरवत नाही. अंधार पडला की या जागेकडे कोणी बाई फिरकत नाही. आणि पिण्याचं पाणी हवं.

ठरलं ते असं. पायवाट मोकळी, दोन्ही बाजूंनी तार, मधून १० फुटी रस्ता. बाहेरच्या रांगेत बकरी ज्याला तोंड लावत नाही असं लावायचं : सीताफळ, निर्गुडी, आणि मधे मधे सागरगोट्याची काटेरी वई. ही यादी आजींनीच सांगितली. मी कृषीच्या पुस्तकात शोधत बसलो होतो. पायवाटेच्या कडेनं शेवरी लावायची, तिचा पाला बकऱ्यांसाठी. कापायचा कधी, हे आजी ठरवणार.

तेव्हापासून तार तुटली नाही. आत शिरलेली बकरी हाकलायला आता मला जावं लागत नाही, वस्तीतूनच शिव्या ऐकू येतात.

१९ नोव्हेंबर

सोयाबीन निघालं. थ्रेशरवाल्याकडून दोन ट्रॉली कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, मिळालं, फुकट, फक्त डिझेलचे ६०० रुपये. प्रत्येक रोपाभोवती चार बोटं जाड पसरलं.

१७ डिसेंबर

कुटार खोडाला चिकटवून भरलं होतं. मुरमावरच्या भागात उधई (वाळवी) लागली, खोडावर मातीचे बोगदे चढले. कुटार खोडापासून वीतभर मागे ओढलं, आळ्यात निंबोळीची ढेप टाकली. रोपं वाचली, दोन रविवार गेले.

पाण्याचा हिशेब : दर झाडाला टँकरमागे २० लिटर. ५,००० लिटरचा टँकर ७०० रुपयांना पडतो आणि एका पाळीला पुरतो. थंडीत पंधरा दिवसांनी एक. बुडाला छिद्र पाडून वात घातलेले माठ ४० झाडांना लावून पाहिले. काम चांगलं करतात, पण पोरं दगड मारून फोडतात. १४ उरले.

सार्वजनिक नळाच्या ओट्यावरचं सांडणारं पाणी चरानं आत घेतलं. वाटेत खडी-रेतीचा खड्डा आणि कर्दळी. पहिला खड्डा उथळ झाला, पाणी वर साचलं, डास झाले आणि शेजारच्या घरानं रास्त आरडाओरड केली. खडीचा थर पाण्याच्या वर चार बोटं राहील इतका भरला तेव्हा डास गेले. आता त्या चरावरचे दोन अर्जुन बाकी सगळ्यांच्या दुप्पट आहेत.

१८ फेब्रुवारी २०२४

शेजारच्या शेतात धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत पेटवलं. वारा फिरला. आम्ही पसरलेलं कुटार म्हणजे सलग वातच. २० मिनिटांत ४१ झाडं गेली. शेतमालकाला बोल लावून उपयोग नाही, धुरा सगळेच पेटवतात. जाळपट्टा आम्ही सोडला नव्हता. आता शेताच्या बाजूनं १० फूट पट्टा खरवडून साफ ठेवला आहे आणि कुटार सलग नाही, सुटं सुटं. शिल्लक २१२.

जळालेल्या जागेत पळस खालून फुटतो आहे. त्याला कोणी लावलं नव्हतं.

१४ एप्रिल

कट्ट्याची चूक. मार्चमध्ये एका दात्यानं पैसे दिले आणि निंबाभोवती ३० फुटी गोल कट्टा बांधून दिला, २६,००० रुपये. दिसायला सुंदर. आठ दिवसांत पत्तेवाल्यांचा अड्डा. सकाळी १० पासून बारा-पंधरा गडी गोल करून बसतात. बाया लांबूनच पाहून घरी जातात. हाकलायचं तर कोणत्या तोंडानं? जागा सर्वांना खुली, असं आम्हीच लिहून दिलंय. पत्ते खेळणारेही वस्तीतलेच, त्यांच्याही घरावर टिनच.

बायांना विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांना उठवू नका, आमाले येगळं द्या. आणि समोरासमोर नको.

५ मे

गोल कट्ट्याचा अर्धा भाग फोडला. दात्याचं नाव असलेली फरशी शाबूत ठेवली, नाही तर वेगळा तमाशा झाला असता. निघालेल्या दगडांचे पाच लहान ओटे केले, एकेकावर तीन-चार जणी मावतील असे. ते उंबराकडे, नळाजवळ, वस्तीकडे तोंड करून. घरातून दिसतात, म्हणून लहान पोरीही येऊन बसतात. फोडाफोडीला आणि मिस्त्रीला ९,५०० रुपये.

लावलेली झाडं कमरेएवढीही नाहीत, त्यांची सावली अजून कोंबडीला पुरेल एवढी. म्हणून ओट्यांवर बांबूचा मांडव घातला, वर तुराट्या आणि पळसाची पानं. खर्च २,८००. वर्षाचं रोप आणि सावली यांत मोठं अंतर असतं, ते या मांडवानंच काढायचं. ही गोष्ट पहिल्याच उन्हाळ्यात का सुचली नाही, याचा राग आहे.

२६ मे

तिकडे अकोल्यात उन्हापायी कलम १४४ लावलं. आमच्याकडेही दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही. आणि अशा वेळी फाटकाला कुलूप!

झालं असं की ठरावानुसार नगरपंचायतीनं फाटक बसवलं आणि ले-आउटच्या बागेची पाटी जशीच्या तशी रंगवून लावली. सकाळी ५ ते ९, संध्याकाळी ५ ते ८. पेंटरकडे स्टेन्सिल तयार होती म्हणे. चावी ज्याच्याकडे, तो दुपारी झोपतो. परवा एक वाजता बाया फाटकाबाहेर, भिंतीच्या हातभर सावलीत पाय मुडपून बसलेल्या. आत पाच ओटे रिकामे.

कार्यालयात गेलो. दुपारी उघडं ठेवलं तर नासधूस होते, असं उत्तर मिळालं. मी म्हटलं, वर्षभरात झालेलं नुकसान डायरीत लिहिलं आहे : पूर, उधई, आग आणि माझा मूर्खपणा. दुपारी बसणाऱ्यांनी केलेलं त्यात काही नाही. मग अर्जाची प्रत दाखवली, 'सर्वांच्या वापरासाठी खुली राहील'. त्या ओळीनं काम केलं.

फाटकाचं दार काढून घेतलं. तिथं इंग्रजी व्ही आकाराची अडण बसवली : माणूस वळून आत जातो, जनावर आणि मोटारसायकल जात नाही. पाण्याची गुंडी घेतलेली बाई जाते की नाही, हे आधी पाहा. आमची पहिली अडण अरुंद झाली, गुंडी अडली, वेल्डरला परत बोलवावं लागलं. चाकाच्या खुर्चीवरचा एक पोरगा वस्तीत आहे, त्याच्यासाठी पायवाटेकडून वेगळी फळी.

१६ जून

या उन्हाळ्यात आणखी १९ गेली. ३८० पैकी १९३ उभी आहेत. आपोआप फुटलेले पळस मोजले नाहीत.

टँकर फेब्रुवारीपासून आठवड्याला एक, एकूण वर्षाचे २४, म्हणजे १६,८००. हा आकडा कोणी सुरुवातीला धरत नाही. रोपं ३,८०० ची आणि पाणी त्याच्या चौपट. वर्गणी मागायला जाल तेव्हा पाण्याचीच मागा.

दिवा अजून लागलेला नाही. खांब आहे, जोडणी नाही, तीन अर्ज झाले. म्हणून सात वाजल्यानंतर जागा अजूनही फक्त गड्यांची.

२३ जून

काळ्या भागात ६० ढीग तयार, हातभर उंच, गेल्या वर्षी पाणी कुठवर चढलं होतं त्या खुणेच्या वर. आजी सकाळी पदरात मोहाच्या टोळी घेऊन आल्या, कालच्याच पडलेल्या. पावसाची वाट पाहू का, असं मी विचारलं.

"वाट काय पाहतं बाप्पा, सडून जाईन ते. आत्ताच लाव."

३८ टोळी लावल्या. संध्याकाळी टँकरवाल्याला फोन केला, पाऊस आला नाही तर बुधवारी ये म्हणून.